मानेच्या फॉर्मवर ५१ चे ३६ झाले, अम्मा म्हणती काही फरक नाही. खरं कुणाचं धरायचं?

घरकुलचा_पोरगा

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय पण वाचा आणि कळत असेल तर सांगा.

आमची अम्मा ५४ वर्षांची, लग्नाच्या आधीपासून विड्या वळती. मांडीवर सूप घेऊन मान खाली घालून बसली की कारखान्यात माल द्यायची वेळ होईस्तोवर उठत नाही. मान तशी कायमच दुखायची, पण दिवाळीनंतर दुखणं उजव्या खांद्यापर्यंत उतरायला लागलं आणि डोकं मागच्या बाजूनं ठणकायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं, एक्सरे काढला, म्हणले वयानुसार झीज आहे, नस दबल्यासारखी लक्षणं नाहीत, फिजिओथेरपी करा. मग एका ठिकाणी फिजिओ लावली, शेक आणि व्यायाम असं चाललंय महिनाभर.

तिथं पहिल्याच दिवशी एक फॉर्म भरून घेतला, मानेमुळं काय काय अडतं असे दहा प्रश्न, प्रत्येकाला सहा उत्तरं, त्यातलं एक निवडायचं. महिन्यानं परत तोच फॉर्म. पहिल्यांदा ५१ टक्के आले होते आता ३६, तर तिथले म्हणले १५ नं कमी झालंय, छान इम्प्रूव्हमेंट आहे, अजून एक महिना चालू ठेवा. आणि अम्माला घरी विचारलं तर म्हणती हाय तसंच हाय की रे, झोप जरा बरी लागती एवढंच. दुखणं दहापैकी किती असं पण विचारतात तिथं, ते आधी ७ सांगितलं होतं आता ६.

आता प्रश्न पैशाचा पण आहेच, फी वेगळी, रिक्षा वेगळी, आणि जायचं यायचं म्हणलं की तेवढ्या विड्या कमी होतात, मजुरी हजार विड्यांवर मिळती त्यामुळं वेळ गेला की पैसे गेलेच. म्हणून विचारतोय, असल्या फॉर्मवर किती आकडा खाली आला म्हणजे खरंच बरं वाटतंय म्हणायचं? १५ म्हणजे भरपूर का किरकोळ?

नवी_पेठ_७७

फॉर्म भरून कुठं मान बरी होती का लगा. निरगुडीचा पाला गरम करून शेका आणि उशी काढून टाका. आमच्या आज्जीनं ९० वर्षं असंच काढलं.

फिजिओ_मी_सोलापूरची

काका, शेकायला माझी ना नाही पण उशी एकदम काढू नका कुणी, कुशीवर झोपणाऱ्याची मान त्यानं उलट आखडते.

घरकुल, मी फिजिओ आहे, सध्या बाहेरगावी असते. तुम्ही सांगताय तो फॉर्म नेक डिसॅबिलिटी इंडेक्स असणार, आम्ही एनडीआय म्हणतो. कॅनडातल्या व्हर्नन आणि मायर या दोघांनी १९९१ मध्ये काढला, कंबरेसाठी ऑस्वेस्ट्रीचा फॉर्म आधीपासून होता त्यावरून बेतलेला. दुखण्याची तीव्रता, स्वतःचं आवरणं, वजन उचलणं, वाचणं, डोकेदुखी, लक्ष लागणं, काम, गाडी चालवणं, झोप, करमणूक, असे दहा प्रश्न. प्रत्येकाला ० ते ५, एकूण ५०, दुप्पट केलं की टक्के. जास्त आकडा म्हणजे जास्त त्रास.

आता बघा, तुमचा ५१ वाचून मला पहिल्यांदा शंका आली ती वेगळीच. दहाही प्रश्न भरले असतील तर बेरीज दुप्पट होते, म्हणजे टक्के कायम सम संख्येतच येणार. ५१ येईलच कसे? म्हणजे पहिल्या वेळी एखादा प्रश्न रिकामा सोडलेला असणार आणि भागाकार ४५ नं केलेला असणार, आणि तो बरोबरच आहे, गाडी चालवत नसाल तर तो प्रश्न सोडायचा असतो. दुसऱ्या वेळचे ३६ मात्र सम आहेत, तेव्हा ५० नं भागलंय असं वाटतंय. दोन्ही कागदांचे फोटो मागून घ्या आणि एकेका प्रश्नाचे मार्क इथं टाका, मग बोलू.

तोपर्यंत तुमच्या मूळ प्रश्नाचं. फरक दोन प्रकारचे असतात आणि लोक ते एकात एक कालवतात. एक म्हणजे फॉर्मचा स्वतःचा हलणारा आकडा, माणसात काहीच बदललं नाही तरी आज २२ आणि परवा १९ येऊ शकतात, तर या हलण्याच्या पलीकडं गेलेला सगळ्यात लहान फरक तो एमडीसी. दुसरा म्हणजे पेशंटला ज्याचं काही वाटतं असा सगळ्यात लहान फरक, तो एमसीआयडी. एनडीआयसाठी जुनी शिकवण अशी की ५० पैकी ५ म्हणजे १० टक्के सरकले की बदल धरा. पण नंतरच्या अभ्यासांत आकडा वाढलाय. साध्या मानदुखीवर २००८ मध्ये क्लीलँड आणि त्यांच्या सोबत्यांनी जे बघितलं त्यात १९ टक्क्यांच्या आसपास फरक लागतो असं आलं. दहापैकी दुखणं किती या प्रश्नाला त्याच अभ्यासात १.३ पुरेसा वाटला, पण खात्रीनं बदललंय म्हणायला २.१ लागतात. अम्मांचा ७ चा ६ झालाय, म्हणजे एकच. त्यावरून काही बोलता येत नाही.

घरकुलचा_पोरगा

मॅडम तुम्ही डिटेक्टिव्हच निघालात की ओ. फोटो मागितले, दिले त्यांनी लगेच, काही आढेवेढे नाहीत. पहिल्या फॉर्मवर गाडीचा प्रश्न कोरा आहे आणि दुसऱ्यावर त्यालाच "काही त्रास नाही" वर टिक आहे! अम्मा आयुष्यात सायकल पण चालवली नाही. दुसऱ्या वेळी तिथली नवीन मुलगी होती तिनं भराभर विचारून टिका केल्या.

मार्क असे, आधी आणि आता: दुखणं ३, ३. आवरणं २, १. उचलणं ४, १. वाचणं १, १. डोकेदुखी ३, ३. लक्ष १, १. काम ४, ४. झोप ३, २. करमणूक २, २. बेरीज २३ आणि १८.

आणि अजून एक, फॉर्म मराठीत होता, अम्माला मराठी बोलायला येतं पण घरी आम्ही तेलुगूच बोलतो आणि तिला वाचायला फारसं येत नाही. पहिल्यांदा मी शेजारी बसून तेलुगूत सांगितलं होतं, दुसऱ्यांदा मी नव्हतो. वाचण्याच्या प्रश्नाला १ कुठून आला देव जाणे, सीरियल बघताना मान दुखती ते धरलं असेल.

आकडेमोड_सर

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, वैद्यकीय माणूस नाही, पण या विषयाच्या मुलांचे प्रोजेक्ट बघायला येतात म्हणून माहीत आहे.

आधी गणित नीट करू. दोन्ही वेळा गाडी सोडली तर २३ भागिले ४५ म्हणजे ५१ आणि १८ भागिले ४५ म्हणजे ४०. फरक ११ टक्के, १५ नाही. चार टक्के निव्वळ एका टिकमुळं आले. आणि ही चूक दोन्ही वेळेला सारखी झाली असती तर एवढी बोचली नसती, एका वेळी एक आणि दुसऱ्या वेळी दुसरं झालं म्हणून नसलेला फरक तयार झाला.

मग ११ जास्त का कमी? जुन्या १० च्या नियमानं जेमतेम पास, १९ च्या नियमानं नापास. लोक इथं वैतागतात की एकाच फॉर्मला इतके वेगवेगळे आकडे कसे. त्याचं कारण हे आकडे काढतात कसे त्यात आहे. एमडीसी काढायला ज्यांच्यात बदल झालेला नाही अशा पेशंटांकडून फॉर्म दोनदा भरून घेतात, दोन्हीतली तफावत बघून मोजमापाची चूक काढतात आणि तिला १.९६ आणि दोनच्या वर्गमुळानं गुणतात. वर्गमूळ यासाठी की चूक पहिल्या वेळी पण आहे आणि दुसऱ्या वेळी पण. भाजीवाल्याचा काटा शंभर ग्रॅम इकडं तिकडं होत असेल तर पन्नास ग्रॅमवरून भांडण्यात अर्थ नाही, तसं आहे हे. आता "बदल झालेला नाही" हे ठरवणार कोण, किती दिवसांच्या अंतरानं, पेशंट कसले, यावर आकडा हलतो.

एमसीआयडीचं तर अजून अवघड. ही कल्पना १९८९ मध्ये येश्के, सिंगर आणि गयाट यांनी मांडली. त्यांच्या व्याख्येत एक भाग आहे जो पुढं सगळेजण गाळतात, की पेशंटला फायद्याचा वाटेल असा सगळ्यात लहान फरक, आणि दुष्परिणाम आणि अवाजवी खर्च नसेल तर ज्यामुळं उपचार बदलावेसे वाटतील असा. खर्च त्यात आहे! म्हणजे रिक्षा आणि बुडालेल्या विड्या हा विषय बाहेरचा नाहीच, व्याख्येतलाच आहे.

काढायची पद्धत अशी की पेशंटला शेवटी एकच प्रश्न विचारतात, सुरुवातीपासून आता किती बरं वाटतंय, उणे ७ ते अधिक ७ अशी पट्टी. मग "बऱ्यापैकी बरं" म्हणणाऱ्यांचा एनडीआय किती उतरला ते बघतात. पण बऱ्यापैकी म्हणजे अधिक ३ धरायचं का ५, इथंच निकाल बदलतो. शिवाय महिन्यापूर्वी कसं होतं हे कुणाला नीट आठवतंय, आज बरं असलं की माणूस म्हणतो खूप सुधारलं आणि आज ठणकत असलं की म्हणतो काहीच नाही. अम्मांच्या "हाय तसंच" ला पण हे लागू आहे हं, ते अगदी प्रमाण मानू नका.

एक गंमत सांगतो. २००९ च्या एका अभ्यासात साध्या मानदुखीसाठी ५० पैकी ७.५ हा पेशंटला जाणवणारा फरक निघाला आणि एमडीसी निघाला १०.२. म्हणजे महत्त्वाचा फरक हा मोजता येणाऱ्या फरकापेक्षा लहान! मुलं म्हणतात सर हे कसं शक्य आहे. शक्य आहे, कारण पहिला आकडा सगळ्या गटावरून काढलेली सीमारेषा आहे आणि दुसरा एका माणसाबद्दल ९५ टक्के खात्रीनं बोलायचं असेल तर लागणारा. शंभर पेशंटांच्या सरासरीत ८ चा फरक भक्कम असतो, एकट्या अम्मांच्या कागदावर तोच ८ डळमळीत. पेपरातला आकडा उचलून एका माणसाला लावताना हे कुणी बघत नाही.

अजून एक, माणूस फिजिओकडं जातो कधी, दुखणं सगळ्यात जास्त असतं तेव्हा. काहीच केलं नाही तरी तिथून ते थोडं खाली येतंच. थोडा फरक आपोआपचा धरून चला.

टेलर_अक्कलकोट_रोड

सर तुमचं अर्धं डोक्यावरून गेलं पण बरं वाटलं वाचून. माझं मानेचं ऑपरेशन झालंय, युनिफॉर्म शिवायचं काम माझं, हाताला मुंग्या येऊन सुई धरता येईना झाली होती. मला पण हाच फॉर्म भरायला लावायचे. ऑपरेशननंतर आकडा मस्त उतरला, डॉक्टर खूष, पण मान वळवायला अजून कडकच होती आणि मला वाटायचं हे काय बरं झालं. मग एका डॉक्टरनी वेगळंच विचारलं, म्हणले आत्ता जसं आहे तसंच पुढं कायम राहिलं तर चालंल का तुम्हाला? मी म्हणलं चालंल की, मशीनवर बसता येतंय, सुई धरता येतीय. तेव्हा माझं मलाच कळलं की काम झालंय आपलं. अम्मांना हे विचारून बघा.

फिजिओ_मी_सोलापूरची

टेलरभाऊ, एकदम बरोबर. आधीपेक्षा बरं आणि आता पुरेसं बरं हे वेगळं असतं. कुणाचा आकडा २० नं उतरूनही पुरेसं नसतं आणि कुणाला सुरुवातीलाच ८ असतात, तो १० नं उतरणार कुठून? म्हणून बरेच जण सुरुवातीच्या आकड्याच्या ३० टक्के उतरलं का ते पण बघतात. अम्मांचं २३ वरून १८ म्हणजे २२ टक्के झालं, तिथं पण कमीच.

घरकुल, तुमचे मार्क बघितले. पाचपैकी तीन मार्क एकट्या उचलण्यात उतरलेत. ४ वरून १ म्हणजे एकदम हलक्या वस्तूच उचलता येतात इथपासून जड उचलता येतं पण थोडं दुखतं इथपर्यंत, महिन्यात एवढी उडी आणि बाकी दुखणं जिथल्या तिथं, हे मला पटत नाही. घरात पाणी कोण भरतंय सध्या?

घरकुलचा_पोरगा

बरोबर पकडलं. डॉक्टरांनी वजन उचलू नका सांगितल्यापासून बायको भरती. अम्माला घागर उचलूच देत नाही आम्ही. मग तिला विचारलं उचलताना त्रास होतो का तर ती म्हणणारच की नाही बाई फार.

फिजिओ_मी_सोलापूरची

झालं तर मग. न उचलल्यामुळं न दुखणं हे मानेतलं सुधारणं नव्हे, घरच्यांची कृपा. ते तीन मार्क बाजूला ठेवले तर उरले दोन, एक आवरण्यात आणि एक झोपेत. त्यातली झोप मला खरी वाटते, कारण अम्मांनी स्वतःहून तेच सांगितलं. काम मात्र ४ ला ४, आणि त्यांच्यासाठी मुख्य कामच आहे.

म्हणून मी सांगते ते करा. पीएसएफएस नावाची साधी पद्धत आहे, १९९५ पासून वापरात आहे, आधी छापलेले प्रश्नच नाहीत तिच्यात. पेशंटनंच सांगायचं, मानेमुळं नीट जमत नाहीत अशा तीनेक गोष्टी कुठल्या, आणि प्रत्येकीला ० ते १० मार्क द्यायचे. ० म्हणजे अजिबात जमत नाही, १० म्हणजे दुखण्याआधी जमायचं तसं जमतं. इथं मार्क वाढले तर चांगलं, एनडीआयच्या उलट, घोळ करू नका. सरासरी २ नं वाढली किंवा एखादी एकटी गोष्ट ३ नं वाढली तर बदल धरायचा. नस दबलेल्या मानेच्या पेशंटांत पण साधारण २ च आलेत. गाडी, वाचन असले आपल्याला न लागणारे प्रश्नच नाहीत यात, आणि तेलुगूत विचारलं तरी बिघडत नाही, फक्त दोन्ही वेळेला त्याच माणसानं त्याच शब्दांत विचारायचं. एनडीआय पण भरायचा असेल तर तुम्ही शेजारी बसा, गाडी दोन्हीकडं कोरी.

आणि हे सगळं आकड्यांचं चाललंय तोवर एक लक्षात ठेवा, हाताची पकड सुटायला लागली, वस्तू हातातून पडायला लागल्या, चालताना तोल जायला लागला, लघवीवर ताबा राहिना झाला, किंवा ताप आणि वजन उतरणं असं काही दिसलं तर फॉर्मची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

नवी_पेठ_७७

म्हणजे महिनाभराचे पैसे पाण्यात गेले म्हणायचं का मग?

फिजिओ_मी_सोलापूरची

तसं नाही काका. झोप सुधारली आहे आणि वाढलेलं काही नाही. पण "१५ नं उतरलं म्हणून तेच पुढं चालू" हे पटण्यासारखं नाही. मी असते तर शेक कमी करून मानेच्या आणि खांद्यामागच्या स्नायूंचे ताकदीचे व्यायाम वाढवले असते, घरी करता येतील असे, म्हणजे रोजची रिक्षा पण वाचते. आणि विड्या वळताना सूप जरा उंचावर घेता येतं का, दर अर्ध्या तासानं उठता येतं का ते बघितलं असतं, कारण मान दिवसभर खाली आणि व्यायाम पंधरा मिनिटं असलं गणित कुठंच जुळत नाही. घरकुल, तुमच्या फिजिओशी हे नीट बोला, भांडू नका. फोटो लगेच दिले म्हणजे माणसं सरळ आहेत.

घरकुलचा_पोरगा

बोललो आज. गाडीचं त्यांनी मान्य केलं, दुरुस्त करून ४० लिहिलं. आठवड्यातून एकदाच बोलावणार आता, बाकी घरी व्यायाम. सुपाखाली पाट ठेवून बघतोय, अम्मा कुरकुर करती की पत्ता नीट दिसत नाही म्हणून, बघू.

तीन गोष्टी विचारल्या तिला. पहिली, न उठता शंभर विड्या वळणं, ३ मार्क. दुसरी, घागर उचलून मोरीपर्यंत नेणं, २. तिसरी मला वाटलं नव्हतं ती सांगेल, नातवाला कडेवर घेऊन गड्ड्याच्या यात्रेत फिरणं. म्हणली यंदा जमलंच नाही. मी म्हणलं जत्रा वर्षातून एकदा, मोजायचं कसं, तर म्हणली मग रात्री कूस बदलणं लिही. त्याला ६. सरासरी साडेतीनच्या थोडी वर. टेलरभाऊंचा प्रश्न पण विचारला, असंच राहिलं तर चालंल का, तर म्हणली अजिबात नाही. चार आठवड्यांनी परत विचारून इथं टाकतो.

आकडेमोड_सर

छान. फक्त परत विचाराल तेव्हा तिला आधीचे मार्क आधी दाखवायचे का नाही ते आत्ताच ठरवा आणि मग बदलू नका.

फिजिओ_मी_सोलापूरची

पीएसएफएसमध्ये दाखवलेले चालतात सर. आणि घरकुल, चार-पाच दिवसाआड नळाला पाणी येतं ना तुमच्याकडं, त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी विचारू नका, घरात सगळ्यांचीच धावपळ झालेली असते. यावेळी कुठल्या दिवशी विचारलंत?

घरकुलचा_पोरगा

पाणी येऊन दोन दिवस झाले होते. पुढच्या वेळी पण तसाच दिवस धरतो.